एक इंचाच्या गॅरंटीचं काय घेऊन बसलास

पत्र (थोडी काटछाट करून):

ताई, मी मिलवॉकीजवळ राहतो, मेकॅनिकल इंजिनिअर आहे, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड झालं. ऑफिसमधल्या एका मित्राच्या घरच्यांची विस्कॉन्सिनमध्येच वरच्या बाजूला जमीन आहे, बरंचसं रान आणि कडेला मक्याचं शेत. नोव्हेंबरच्या डिअर सीझनला त्यांनी बोलावलंय. हंटर सेफ्टीचा कोर्स पास झालो. आता रायफल घ्यायचीय. एक ऑप्शन म्हणजे मित्राच्या काकांची जुनी बोल्ट ॲक्शन (दर गोळीला हाताने खटका ओढायची) ३०-०६ काडतुसाची, लाकडी दस्ता, स्कोपसकट ४५० डॉलर. दुसरा म्हणजे दुकानातली नवी, सिक्स पॉइंट फाइव्ह क्रीडमूर काडतुसाची, ९०० डॉलर, स्कोप वेगळा, पण तिच्यावर कंपनीची ‘सब-एमओए’ गॅरंटी आहे, म्हणजे १०० यार्डांवर गोळ्या साधारण एक इंचाच्या आत. जुनी रेंजवर नेऊन १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे दोन ग्रुप मारले, एक १ इंचाचा आला, दुसरा सव्वादोन इंचाचा. टेक्ससमधला माझा मेहुणा म्हणतो एक इंचाच्या वर मारते ती रायफल भंगार, वर त्याने स्वतःच्या अर्ध्या इंचाच्या ग्रुपचा फोटो पाठवला. हरणासाठी नक्की किती ॲक्युरसी पुरते? पैसे वाया घालवायचे नाहीत, पण जनावर जखमी होऊन पळालं तर मला झोप लागणार नाही. स्कोपबद्दलही सांगा.
— नेमाच्या शोधात

अरे नेमाच्या शोधात,

तुझ्या पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य शेवटून दुसरं आहे, जखमी जनावराचं, आणि खरं सांगू का, तू अख्खा प्रश्न तिथूनच विचारायला हवा होतास, पण तू सुरुवात केलीस एमओएपासून. आपल्याकडे असंच होतं. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार जवळपास बंदच झाली, त्यामुळे घरात कोणी काका-मामा हे शिकवणारा नसतो, मग आपण रायफलसुद्धा मोबाइलसारखी घ्यायला जातो, स्पेक बघायचा, आकडा लहान असेल ती भारी. इथे पोरं दहा-बारा वर्षांची असल्यापासून बापाबरोबर रानात बसलेली असतात, त्यांना हा आकडा कोणी विचारत नाही आणि तेही कोणाला सांगत नाहीत.

तर आधी जनावर बघ. तू व्हाइटटेल हरीण मारायला चाललायस. पुढच्या पायाच्या मागे, छातीत, हृदय आणि फुप्फुसं असतात ती जागा साधारण आठ इंचांची धर. गोळी त्या आठ इंचांत कुठेही बसली तर जनावर लवकर मरतं, बाहेर पोटात किंवा पायात बसली तर तेच होतं ज्याने तुझी झोप जाणार आहे. म्हणजे आठ इंच व्यास, मध्यापासून चार इंच. हा चार इंचांचा हिशोब तुला, रायफलला, वाऱ्याला, थंडीला, सगळ्यांना मिळून वाटून घ्यायचाय. रायफलला त्यातलं किती द्यायचं एवढाच तुझा प्रश्न आहे.

आता एमओए, म्हणजे मिनिट ऑफ अँगल. एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, १०० यार्डांवर तो १.०४७ इंच होतो, म्हणजे एक इंचच धर, २०० वर दोन, ३०० वर तीन. एक इंच म्हणजे कॅरमच्या सोंगटीपेक्षाही थोडं कमी. यात लोक एक गोष्ट विसरतात, तुझा मेहुणापण विसरला असणार, की ग्रुप मोजतात तो या टोकाच्या भोकापासून त्या टोकाच्या भोकापर्यंत. चूक मात्र मध्यापासून मोजायची असते. दोन इंचाचा ग्रुप म्हणजे सगळ्यात वाईट गोळीसुद्धा मध्यापासून साधारण इंचभरच लांब. ‘दोन इंच मारते’ ऐकायला भयंकर वाटतं, पण हरणाच्या छातीत एक इंच इकडेतिकडे म्हणजे काहीच नाही.

मग तुझे ते दोन ग्रुप, १ आणि सव्वादोन. तुला वाटलं रायफल बेभरवशाची आहे. तसं नाहीये. तीन गोळ्यांचा ग्रुप ही फार लहरी गोष्ट आहे. एकच रायफल, तेच काडतूस, तोच माणूस, काही बिघडलेलं नाही, तरी सरासरी दीड-पावणेदोन इंच मारणारी रायफल एकदा एक इंच देईल आणि पुढच्याच वेळेला सव्वादोन देईल, नुसत्या योगायोगाने. गोळ्या वाढवल्या की ग्रुप मोठा होतो, तोही ठरलेल्या प्रमाणात. तीन गोळ्यांचा सरासरी ग्रुप १ इंच असेल तर पाच गोळ्यांचा साधारण सव्वा इंच येतो आणि दहाचा १.६ च्या आसपास, रायफल तीच. म्हणून कोणीही आकडा सांगितला की पहिला प्रश्न विचारायचा, किती गोळ्यांचा? आणि दुसरा, असे किती ग्रुप मारलेस आणि त्यातला हा कितवा? मेहुण्याच्या फोटोला हेच विचार. वाईट ग्रुपचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकणारा माणूस मी तरी अजून बघितला नाही.

कंपन्यांच्या गॅरंट्याही बघ. वेदरबी कंपनीची व्हॅनगार्ड रायफलवरची गॅरंटी घे उदाहरणाला, १०० यार्डांवर तीन गोळ्या, ०.९९ इंच किंवा कमी, थंड नळी, आणि काडतूस त्यांचं किंवा प्रीमियम. टिक्का कंपनीचीही तीन गोळ्यांचीच. खोटं काही नाही त्यात, रायफली चांगल्याच असतात, पण तुला त्यातून कळतं ते एवढंच. दहा गोळ्यांचं ते सांगत नाहीत, आणि तो ग्रुप महिन्याभराने त्याच जागी बसेल का हे तर बिलकुल सांगत नाहीत. त्याच्याकडे नंतर येते.

आता हिशोब. तुझ्या दोन ग्रुपची सरासरी १.६ इंच. दोनच आहेत म्हणून कच्चा आकडा आहे, पण चालवू. दहा गोळ्यांचं वर्तुळ मग अडीच इंच धर. नवी रायफल समज खरंच सरासरी एक इंच मारते, तिचं दहाचं वर्तुळ १.६. दोघींना २०० यार्डांवर नेलं तर जुनीचं पाच इंच, नवीचं सव्वातीन. मध्यापासून बघितलं तर अडीच आणि १.६. म्हणजे दहातली सगळ्यात वाईट गोळी घेतली तरी फरक इंचभरसुद्धा नाही, आणि तोही २०० यार्डांवर. रानात तुला २०० यार्ड दिसणार कुठून? विस्कॉन्सिनच्या झाडीत बसलं की पन्नास-ऐंशी यार्डांवर हरीण अचानक उभं असतं, लांबचं काय ते शेताच्या कडेला.

आणि हे सगळं सँडबॅगवर रायफल ठेवून, बेंचवर बसून. तू मेकॅनिकलवाला आहेस, टॉलरन्स स्टॅकअप माहीत असेलच, वेगवेगळ्या चुकांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची बेरीज होऊन वर्गमूळ निघतं. तर समज तू गुडघा टेकून १०० यार्डांवर दहा गोळ्या आठ इंचांत ठेवतोस. नवशिक्यासाठी हे चांगलं आहे बरं का, उभं राहून तर बहुतेकांचं यापेक्षा खूप फाटतं. आठचा वर्ग ६४, त्यात जुनीचा अडीचचा वर्ग सव्वासहा मिळव, मूळ काढ, ८.४. नवीचं काढ, ८.२. साडेचारशे डॉलर जास्त देऊन, वर स्कोपचे वेगळे घालून, तू दोन दशांश इंच विकत घेतलेस! तेच तुझे आठ इंच सरावाने पाचवर आले तर जुनीच रायफल ५.६ देईल. पैसा कुठे लावायचा हे आता मी वेगळं सांगायला नको.

तरी तू ‘नक्की किती’ विचारलंस, तर माझा ठोकताळा असा. जिथपर्यंत बार टाकायची तुझी तयारी आहे तिथे रायफलचं दहा गोळ्यांचं वर्तुळ छातीच्या त्या जागेच्या निम्म्याहून मोठं नको. आठाचे निम्मे चार. उरलेलं तुझं आणि वाऱ्याचं. या हिशोबात तुझी जुनी ३०-०६ आज जशी आहे तशी १६० यार्डांपर्यंत पास होते आणि २०० ला थोडक्यात नापास. तुझ्या मित्राचं रान त्यात आरामात बसतं. उद्या कोणी तुला वायोमिंगला उघड्या माळावर प्राँगहॉर्नच्या (हरणासारखं जनावर) शिकारीला बोलावलं, ३०० यार्ड, वरून वारा, तर तिथे हीच रायफल मी चालवून घेणार नाही, तिथे एक एमओएचा आग्रह रास्त आहे. आणि खारीसाठी टू-टू (.२२ ची छोटी रायफल) घेतलीस तर तिथे तर जागाच इंचभराची असते, तिथे एक इंचाचा ग्रुपसुद्धा मोठा. म्हणून मेहुण्याचं ‘एक इंचाच्या वर भंगार’ हे कशासाठी आणि किती लांबून ते ठरवल्याशिवाय बोलायला काही अर्थच नाही. जुन्या लिव्हर ॲक्शन थर्टी-थर्टी रायफली, १०० यार्डांवर तीन-तीन इंच मारणाऱ्या, स्कोप नसलेल्या, नुसत्या उघड्या माशीच्या, त्यांनी या देशातल्या रानांत पिढ्यान् पिढ्या घरात हरणाचं मटण आणलंय.

पण, आणि हा पण मोठा आहे, ग्रुप लहान असणं आणि ग्रुप जागेवर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि शिकारीत दुसरी जास्त महत्त्वाची. रानात तुला ग्रुप मारायला मिळत नाही. पहिली गोळी, थंड नळीतून, तीच काय ती. लाकडी दस्ता ओल धरतो, फुगतो, नळीला कुठेतरी टेकतो आणि सप्टेंबरमध्ये बरोबर असलेला नेम नोव्हेंबरच्या ओल्या बर्फात दोन-तीन इंच सरकतो. तुझी जुनी लाकडी दस्त्याची आहे म्हणून हे तपासच. नळीखालून एक कागदाची पट्टी सरकवून बघ, दस्त्याच्या पुढच्या टोकापासून मागे ॲक्शनच्या (काडतूस भरायच्या यंत्रणेच्या) जवळपर्यंत अडकली नाही तर उत्तम. काही रायफलींत पुढच्या टोकाला मुद्दाम टेकू दिलेला असतो, त्यामुळे अडकली म्हणून लगेच नाक मुरडू नकोस, पण लक्ष ठेव.

खरी परीक्षा अशी घे. मित्राच्या काकांना सांग, पैसे देतो पण आधी त्यांच्याबरोबर महिनाभर रेंजवर मारून बघतो, ओळखीचे आहेत, नाही म्हणणार नाहीत. एकच कागद ठेव. दर वेळेला गेलास की आधी त्या कागदावर थंड नळीने एक गोळी, बाजूला तारीख लिही, कागद गुंडाळून घरी आण. मग त्या दिवसाचं बाकीचं जे मारायचं ते दुसऱ्या कागदावर. थोड्या दिवसांनी त्या पहिल्या कागदावर जे भोकांचं वर्तुळ तयार होईल ना, ती तुझ्या रायफलची शिकारीची ॲक्युरसी, तुझ्या हातासकट, हवामानासकट. ते तीन-साडेतीन इंचांत आणि हव्या त्या जागी असेल तर डोळे मिटून घे. बेंचवर सुंदर पाऊण इंच मारणारी पण दर आठवड्याला वेगळ्या जागी मारणारी रायफल मला फुकट दिली तरी नको.

सव्वादोनचा ग्रुप खाली आणायचा असेल तर स्वस्तातल्या गोष्टी आधी. पहिलं काम, स्क्रू. स्कोपच्या माउंटचे, रिंगचे आणि ॲक्शनचे. जुन्या रायफलीत निम्मे रोग इथेच निघतात. टॉर्क रेंच घेऊन कंपनीने दिलेल्या आकड्याला आवळ, हाताच्या अंदाजाने नको. मग नळीचं तोंड टॉर्चने बघ, कडेला बारीकसा जरी टवका उडाला असेल तर गोळी बाहेर पडताना एका बाजूने गॅस आधी सुटतो आणि ती तिरकी निघते. मग काडतुसं. हे सगळ्यात मजेशीर, एकाच नळीला एका कंपनीचं काडतूस आवडतं आणि दुसऱ्याचं बिलकुल नाही, त्याचं कारण शोधत बसू नकोस, वेगवेगळ्या वजनाच्या आणि कंपन्यांच्या तीन-चार पेट्या घे, वीस-वीसच्या येतात, आणि प्रत्येकीतून दहा-दहा मार. जी आवडली तिच्याच मग एकदम चार पेट्या घेऊन ठेव, ऑक्टोबरमध्ये दुकानात नेमकी तीच संपलेली असते. मधे मधे नळी गार होऊ दे, शिकारीच्या रायफलीची नळी बारीक असते, पाचेक गोळ्यांत तापते आणि गोळ्या चढत जातात, मग तुला वाटतं रायफल वाईट, आणि ती बिचारी नुसती तापलेली असते.

आता थोडं तुझ्या मनाविरुद्ध, किंवा कदाचित मनासारखं. नवी घ्यायला एक खरं कारण आहे आणि ते गॅरंटीचं नाही, धक्क्याचं आहे. ३०-०६ खांद्याला चांगली लागते, क्रीडमूर बरीच कमी. नवीन माणूस धक्क्याला घाबरला की चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतो, खांदा पुढे ढकलतो, आणि मग चार इंच कुठल्याकुठे जातात, त्याला कुठलीही कंपनी गॅरंटी देत नाही. हे तुला स्वतःला कळत नाही, कारण आवाजात सगळं लपतं. म्हणून मित्राला सांग, तुझ्याकडे न बघता रायफल भरून द्यायची, कधी खरं काडतूस, कधी डमी. डमीवर नुसता ‘टक’ आवाज येतो, आणि तेव्हा नळीचं टोक जर खाली झुकलं तर तू घाबरतोयस. सगळ्यांसमोर होतं, लाज वाटते, पण बघच. थोडा सराव करून, दस्त्याला जाड रबरी पॅड लावून ते गेलं तर जुनी घे. नाही गेलं तर जुनी सोड आणि क्रीडमूर घे, आणि मेहुण्याला खुशाल सांग की तुझं ऐकलं, त्यालाही बरं वाटेल.

सराव कसा करायचा ते एवढंच, बेंचवरून उठ. कागदी ताटल्या आण, जेवणाच्या मोठ्या, त्यातली चपटी जागा साधारण आपल्या आठ इंचांच्या जवळपास येते. ५० यार्डांवर एक लाव, गुडघा टेकून मार, बसून मार, झाडाला किंवा काठीला टेकवून मार. दहापैकी दहा ताटलीत आल्या की ७५ वर ने, मग १०० वर. जिथे एक जरी बाहेर गेली तिथे तुझी हद्द, त्या पोझिशनमधली. रायफलची हद्द १६० असेल आणि तुझी गुडघ्यावरची ८० निघाली तर सीझनमध्ये तू ८० चा माणूस आहेस, शेताच्या कडेला कितीही मोठा बक (नर हरीण) उभा असू दे. आणि हे ऑगस्टमध्ये टी-शर्टवर करून थांबू नकोस. थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी नऊ दिवसांचा सीझन सुरू होतो तेव्हा तू जाड जॅकेट, वर केशरी व्हेस्ट आणि हातमोजे घालून बसणार, दस्ता खांद्यावर वेगळ्याच जागी बसतो, डोळा स्कोपपासून इंचभर लांब जातो, अर्धं चित्र काळं दिसतं, हातमोज्यातलं बोट चापाच्या कडीत शिरत नाही. ऑक्टोबरच्या एखाद्या गार सकाळी सगळा जामानिमा करून रेंजवर जा. लोक हसतील, हसू देत.

(एच-वन-बीवाल्यांची बरीच पत्रं येतात म्हणून जाता जाता: तुमच्यासाठी फेडरल कायदा वेगळा आहे, व्हॅलिड हंटिंग लायसन्स वगैरे अपवादात बसल्याशिवाय बंदूक विकत घेणंच काय, जवळ बाळगणंही चालत नाही, तेव्हा मित्राची घेऊन रेंजवर जायच्या आधीसुद्धा वकिलाला विचारा.)

राहिला स्कोप. जुनीवर जो आहे तो लगेच फेकू नकोस. आतून धुकं धरतोय का बघ, थंडीतून घरात आणल्यावर कळतं. मग आधी एक गोळी मार, नेम वर चार इंच सरकव, एक गोळी, उजवीकडे चार इंच, एक गोळी, खाली, डावीकडे, असा चौकोन करून मूळ जागी परत ये आणि पुन्हा एक मार. गोळी पहिल्या भोकाजवळ परत आली तर स्कोप शाबूत आहे. नाही आली तर तुझा सव्वादोनचा ग्रुप रायफलचा नसून स्कोपचाच होता असंही निघू शकतं, तेव्हा काकांशी भाव करायला हरकत नाही. नवा घ्यावा लागलाच तर तीन ते नऊ पॉवरचा साधा पुरे, पंचवीस पॉवरच्या नादी लागू नकोस, ५० यार्डांवर त्यात हरणाऐवजी नुसते केस दिसतात. १०० यार्डांवर नेम इंच-दीड इंच वर बसव, म्हणजे १६० पर्यंत कुठेही वर-खाली धरायचा विचार करावा लागत नाही, आणि रानात बसताना पॉवर तीनवर ठेव, लांबचं काही आलं तर नऊवर न्यायला तुला वेळ मिळतोच, जवळच्याला मिळत नाही.